बारा वर्षे उभी राहिलेली मोटारसायकल



उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची वस्ती आहे. बाहेरगावचा माणूस तेथे येतो तो काळभैरवाच्या दर्शनाला. मध्यवर्ती कारागृहामुळे या वस्तीचे नाव माळव्यात थोड्या निराळ्या अर्थाने घेतले जाते, आणि कापडाच्या पारखी लोकांना ती छिपा कारागिरांच्या छापकामामुळे व मेणाच्या बाटिककामामुळे ठाऊक असते. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली. परंतु शिंदेशाहीबरोबर माळव्यात आलेली सगळीच मराठी कुटुंबे काही त्यांच्यामागून गेली नाहीत. जी मागे राहिली त्यांपैकी एक माझ्या मामांचे घराणे. या घराच्या मागल्या पडवीत पत्र्याच्या छपराखाली एक जावा मोटारसायकल बारा वर्षे उभी होती. तिला पुन्हा रस्त्यावर आणताना जे पाहावे लागले, जे करावे लागले व जे करण्याचा मोह टाळावा लागला, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम या गाडीविषयी दोन शब्द. जावा हे नाव दोन नावांची आद्याक्षरे जोडून झालेले आहे. प्रागमधील यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीतील वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेऊन हा व्यवसाय सुरू केला; या दोन नावांतून जावा झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून तेथील गाड्यांवर येझदी हे नाव आले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला. अडीचशे घनसेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे पण दोन सायलेन्सरांचे हे दोन-स्ट्रोकी इंजिन. गिअर टाकण्याचा दांडाच वर फिरवला की किक होतो, ही त्यातली गंमत. मामांची गाडी १९६९ सालची. २०१३ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी ती पडवीत लावली, त्यानंतर त्यांचे गुडघे गेले, मग मामाही गेले. आणि गाडी होती तेथेच राहिली.

गेल्या वर्षी भंगारवाला दारात येऊन वजनावर भाव सांगून गेला. मामींचा नातू नुकताच परवाना काढून आलेला. तो म्हणाला, आजोबांची गाडी मी चालवणार. मामींनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "अरे, तुला यातले कळते म्हणून सांगते. गाडी सुरू झाली नाही तरी मला वाईट वाटायचे नाही. पण सुरू होऊन पोराला वाटेत कुठे पाडील, असे मात्र करून देऊ नकोस." मला वाटते, जुनी गाडी काढणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य आधी ऐकून घ्यावे. इंजिन फुटफुटू लागणे ही एक गोष्ट, आणि गाडी नीट चालणे ही दुसरी. पहिलीला एक दुपार पुरते. दुसरीला आम्हांला दीड महिना लागला.

अशा गाडीपुढे उभे राहिल्यावर पहिली इच्छा होते ती किक मारून पाहण्याची. ही इच्छा आवरावी. बारा पावसाळ्यांची दमट हवा सिलिंडरात शिरून पिस्टनच्या रिंगांच्या कडेने गंजाची बारीक रेघ उमटलेली असते. कोरड्या भिंतीवर त्या रिंगा जोराने ओढल्या की ओरखडे पडतात. कधी रिंग मोडून तिचा तुकडा खिडकीत अडकतो. शिवाय दोन-स्ट्रोकी इंजिनाच्या तळाशी वेगळे तेल नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच क्रँकच्या बेअरिंगांना मिळते. गाडी बंद असेल तेव्हा तेही मिळत नाही.

म्हणून आम्ही आधी प्लग काढला आणि त्याच्या भोकातून दोन-तीन चमचे दोन-स्ट्रोकचे तेल आत सोडले. पिस्टन खाली असेल तर त्यातले थोडे तेल बाजूच्या खिडक्यांतून क्रँककेसमध्येही उतरते. दोन दिवस तसेच राहू दिले. मग गाडी स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून, मागचे चाक हाताने किंचित पुढे, किंचित मागे असे हलवून पाहिले. पहिल्या दिवशी काही हलेना. दुसऱ्या दिवशी बोटभर फिरले, आणि तिसऱ्या दिवशी पिस्टनने पूर्ण फेरा घेतला. असे झाले नाही तर बळ लावण्यात अर्थ नसतो. सिलिंडर उतरवून पाहावे लागते. आम्हांला तो प्रसंग आला नाही, याचे श्रेय मामांच्या एका सवयीला द्यावयास हवे. गाडी लावताना त्यांनी प्लगच्या भोकातून तेल सोडून ठेवले होते, असे प्लगवर चढलेल्या तेलाच्या थरावरून दिसले.

आता टाकीकडे वळू. पेट्रोल हे तुपासारखे नाही. ते फार दिवस टिकत नाही. त्यातला हलका अंश उडून जातो आणि उरलेला हवेशी संयोग पावून चिकट, पिवळसर राळेसारखा होतो. टाकीचे झाकण उघडताच व्हार्निशासारखा उग्र वास आला, तेव्हाच सारे समजले. ते पेट्रोल उघड्या अंगणात, चुलीपासून दूर, डब्यात काढून घेतले. असे पेट्रोल गटारात ओतू नये. टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन, आतला पेट्रोलचा वाफारा गेल्यावर मग गंजाची पाळी. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून ते रात्रभर टाकीत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी निघालेले पाणी काळ्या चहासारखे होते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारले, स्वच्छ पाण्याने धुतले, उन्हात वाळवले आणि लगेच आत थोडे तेल फिरवले. कारण उघडा पडलेला पत्रा ताशा-दोन ताशांतच पुन्हा तांबूस होऊ लागतो. माळव्याचे चैत्रातले ऊन या कामी फार उपयोगी पडले.

कार्ब्युरेटर उघडल्यावर आत तीच राळ वाळून बसलेली. त्यातल्या जेटचे छिद्र केसाइतके बारीक असते, आणि इंजिनाला किती पेट्रोल जावे याचे माप ते छिद्रच ठरवते. ते तारेने टोकरले की माप बिघडते व पुढे गाडी कधीच धड चालत नाही. जेट द्रावणात भिजत ठेवावा, हवेने फुंकावा, आणि फारच झाले तर ब्रशाच्या एका मऊ केसाने साफ करावा. आतला पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा पोकळ डबा, कानाशी हलवला तर आत काहीतरी डुचमळले. त्याला कुठेतरी भोक होते, पण डोळ्यांना दिसेना. शेजारी छिपांचे घर. कापडावरचे मेण काढण्यासाठी त्यांच्याकडे पाणी उकळत असते. त्यांच्याकडून बादलीभर कढत पाणी मागून आणले आणि भट्टीपासून चांगले लांब, मोकळ्या जागी, फ्लोट त्यात बुडवला. आतली हवा तापून फुगली आणि सांध्याजवळून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तेथे खूण केली. आतले पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय असल्या डब्याला डाग देणे म्हणजे हातात सुरुंग धरण्यासारखे आहे, म्हणून तो दोनदा पुन्हा कढत पाण्यात घालून पूर्ण रिता केला व मगच डाग दिला. शेजारच्या काकांनी या सगळ्या प्रकाराकडे पाहून, आमचे पाणी मेण काढते तसे तुमची राळही काढते की काय, असे विचारले. काढते खरे, कार्ब्युरेटरचा सांगाडा आम्ही त्याच पाण्यात बुडवून ठेवला होता.

विजेची बाजू मी थोडक्यात सांगतो. सहा व्होल्टची बॅटरी मेलेलीच होती. शिशाच्या पट्ट्यांवर बसलेली पांढरी पुटे सहसा पुन्हा जात नाहीत, म्हणून ती नवी घेतली. काँटॅक्ट ब्रेकरच्या टोकांवर काळसर थर धरला होता. तो बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासून, वर कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून साफ केला आणि टोकांमधले अंतर ०.४ मिलिमीटरवर आणले. वायरींवरचे रबर हात लावताच भुगा होऊन पडत होते. ज्या गाडीत वायरी अशा झाल्या आहेत तिला नवी बॅटरी जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. आधी वायरी बदलाव्यात. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केले होते. त्यांनी बिछान्यासाठी आणलेल्या चिंध्यांत मेणाचे डाग पडलेले बाटिकचे तुकडे होते, त्यामुळे चोरी कोठे झाली याचा निराळा शोध करावा लागला नाही.

याच सुमारास गाडी चालू करून पाहावी असे नातवाचे म्हणणे पडले. मी म्हटले, आधी थांबेल कशी ते पाहू. ब्रेक आणि टायर ही जुन्या गाडीची खरी परीक्षा असते. पुढचा ब्रेक दाबला तर तो तसाच दाबलेला राहिला. शूला फाकवणारा खिटा गंजून बसला होता. ड्रम उघडला की आत काळी धूळ असते. त्या काळच्या लायनरांत ॲसबेस्टॉस वापरीत असत, आणि ती धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाणे फार वाईट. तोंडाने किंवा पंपाच्या हवेने ती फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि फडके बांधून टाकून द्यावे. लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते नवे बसवले, केबलही नव्या घातल्या. टायरची नक्षी जवळजवळ कोरी होती, आणि येथेच पुष्कळ लोक फसतात. रबर झिजले नाही तरी म्हातारे होते. बाजूला बोटाने दाबले तर बारीक बारीक चिरा उघडत होत्या. २००० सालापासूनच्या टायरांवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ती वाचून घ्यावी. आम्ही दोन्ही टायर व ट्यूबा बदलल्या. नातवाला तो खर्च व्यर्थ वाटला. मामींनी काही न बोलता पैसे काढून दिले.

गिअरपेटीतले तेल बदलले. क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या; गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, गाडी मागेपुढे ढकलीत राहिल्यावर त्या एकदम सुटल्या.

आता पेट्रोल. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात हे सर्वश्रुत आहे. अलीकडे मोटारगाड्यांनाही तो मिळू लागला आहे. २०२५ पासून देशातल्या पंपांवर सामान्यतः मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क असतो. मद्यार्क हवेतले पाणी ओढून घेतो. पाणी फार झाले म्हणजे ते मद्यार्कासह तळाशी वेगळे बसते आणि टाकीचा पत्रा आतून खाते. जुन्या पद्धतीचे रबर व बूच यांनाही मद्यार्क सोसत नाही. यासाठी पेट्रोलची नळी आणि कॉकमधली वायसरे हल्लीच्या पेट्रोलला टिकणारी घातली. दोन-स्ट्रोकी गाडीत तेल पेट्रोलातच घालावे लागते, दर लिटरला चाळीस ते पन्नास मिलिलिटर. ते डब्यात नीट ढवळून मग टाकीत ओतावे.

एवढे झाल्यावर प्लग टोपीत घालून इंजिनाच्या धातूला टेकवला, किक फिरवली, आणि निळी ठिणगी पाहिली. मग प्लग जागेवर. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. दोन्ही सायलेन्सरांतून असा धूर निघाला की गल्लीतल्या म्हशींनी तोंडे फिरवली. आत आधी घातलेले तेल जळत असल्याने पहिली पाच मिनिटे धूर येणारच. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आवाजाकडे कान देऊन होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले.

धूर विरला, पण इंजिनाचा वेग उतरेना. मूठ सोडली तरी ते चढत्या सुरात घोंघावत राहिले. ही खूण फार महत्त्वाची आहे. दोन-स्ट्रोकी इंजिनात पिस्टनखालची क्रँककेस हीच पंपाचे काम करते. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी तेथे ओढले जाते व मग वर ढकलले जाते. म्हणून ती जागा हवाबंद असावी लागते, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील बसवलेले असतात. दीर्घ काळ न वापरल्याने ते कडक होतात. डायनामोच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते; मिश्रण विरळ होते, तेलही कमी पडते, इंजिन बेफाम फिरते व तापून पिस्टन सिलिंडरात आवळला जातो. धावत्या गाडीत असे झाले तर मागचे चाक एकाएकी जाम होते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर हवा येत नाही, गिअरपेटीतले तेल ओढले जाते. तेव्हा पांढरा धूर कधी थांबतच नाही आणि गिअरपेटीचे तेल मात्र घटत जाते. आमचे डायनामोच्या बाजूचे गेले होते. मी तत्काळ इंजिन बंद केले. नातू म्हणाला, "काका, चालतेय की!" चालत होतीच. म्हणूनच बंद करावी लागली. दोन्ही सील बदलण्यात आठवडा गेला. शहरातल्या एका मिस्त्रीने सील न बदलता नुसता कार्ब्युरेटर फिरवून आवाज खाली आणून देतो, असे सांगितले होते. तो उपाय ऐकला असता तर लक्षण गेले असते आणि रोग राहिला असता.

त्यानंतर खरी कसोटी रस्त्यावर लागली. गाडी सुरेख सुरू होई, एका सुरात पळे, आणि दोन-एक किलोमीटर गेल्यावर गुदमरल्यासारखी होऊन बंद पडे. दहा मिनिटे झाडाखाली उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी. लागोपाठ तीन दिवस हेच. अशा दुखण्यात सुटे भाग एकामागून एक बदलत सुटण्याची माणसाला घाई होते. त्याऐवजी, बंद पडते त्याच क्षणी पाहावे. कारणे मुख्यतः तीन संभवतात. कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर ठिणगी जात असेल; कॉकच्या जाळीवर टाकीतला उरलासुरला गंज येऊन बसत असेल व गाडी थांबल्यावर तो खाली पडत असेल; किंवा टाकीत हवा जात नसेल. पहिल्याची परीक्षा ठिणगी पाहून होते. बंद पडताच प्लग काढून पाहिला. ठिणगी उत्तम होती. प्लग मात्र कोरडा होता. म्हणजे दोष विजेचा नव्हता, पेट्रोलचा होता. चौथ्या दिवशी गाडी गुदमरू लागताच कडेला घेऊन टाकीचे झाकण उघडले, तो आतून दीर्घ सुस्कारा ऐकू आला आणि पुढच्याच किकेला गाडी सुरू झाली.

टाकीतून पेट्रोल खाली उतरावयाचे तर तितकीच हवा वरून आत यावी लागते. तोंड बंद करून धरलेल्या नळीतून पाणी गळत नाही तसे हे आहे. त्यासाठी झाकणाला एक लहानसे भोक असते. आमच्या झाकणाच्या भोकात कुंभारीण माशीने चिखल भरून ठेवला होता. टाकी, कार्ब्युरेटर, कॉक, सगळे उकलले, धुतले, उन्हात घातले. झाकण मात्र पुसून बाजूला ठेवले होते. सुई घेऊन तो चिखल काढायला अर्धे मिनिट लागले. चूक सर्वस्वी माझी होती.

कागदपत्रांची गोष्ट यात विसरू नये, किंबहुना ती आधी पाहावी. खाजगी मोटारसायकलीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. गाडी बंद असताना ती मुदत उलटून गेलेली असते. विमा आणि प्रदूषणाचा दाखलाही नव्याने लागतो. मामांचे नोंदणीपुस्तक देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, बेलाच्या वाळल्या पानांबरोबर सापडले. गाडी वारसाच्या नावावर करणे व नूतनीकरण, या दोन्हींत आणखी काही दिवस गेले. तोवर घराच्या आवारातच गाडी तापवून, थंड होऊ देऊन, सिलिंडरच्या डोक्याचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळून घेतले. नव्या वायसरा थोड्या बसतात, म्हणून हे करावे लागते.

नातवाला गाडी देण्याआधी मी त्याला पडवीत बसवून तीन गोष्टी करावयास लावल्या. प्लग काढून त्याचा रंग पाहावयाचा. विटकरी असेल तर उत्तम, पांढरा फटक असेल तर मिश्रण विरळ म्हणून गाडी तेथेच थांबवावयाची. पहिले तीनशे किलोमीटर सलग अर्ध्या तासाहून अधिक दौडवावयाची नाही. आणि उतारावर मूठ पूर्ण बंद करून फार वेळ सोडावयाची नाही, कारण पेट्रोल थांबले की तेलही थांबते. या तिसऱ्या गोष्टीची चार-स्ट्रोकी गाड्यांवर शिकलेल्या मुलांना कल्पना नसते.

एका रविवारी सकाळी, काळभैरवाकडे येणाऱ्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, तो मामींना मागे बसवून सिद्धवटापर्यंत जाऊन आला. परत आल्यावर मामींनी पदराने टाकी पुसली आणि मला विचारले, "हे झाकण उघडताना आता सुस्कारा येत नाही ना?" मी झाकण उघडून दाखवले. आवाज आला नाही.